डबे संपले, पण पावणेपाचला जाग येतेच

"ताई, मी कांदिवली पूर्वेला राहते, वय ४७. लग्न झाल्यापासून तेवीस वर्षं पहाटे पाचच्या आत उठतेय. तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता, ह्यांची ७.१२ ची लोकल. आता मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, मुलगा नोकरीला बंगळुरूला आणि ह्यांच्या ऑफिसात कँटीन सुरू झालंय, म्हणजे डबाच नाही. सगळे म्हणतात झोप आता मस्त. पण पावणेपाचला टक्क जाग येते, मग पंख्याकडे बघत पडून राहते नाहीतर मोबाईल घेते, आणि सात वाजेपर्यंत डोकं पार आऊट झालेलं असतं. मला सकाळ अजिबात आवडत नाही हे मला आत्ता कळतंय. मुलाने वाढदिवसाला ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, पाठवला, म्हणाला आई तुला हवं ते कर. बनाना केक केला तो वरून काळा, आतून कच्चा. पाव केले ते दगड. सासूबाई ७८ वर्षांच्या, रत्नागिरीकडच्या, अंडं चालत नाही, त्या म्हणाल्या आमच्याकडे असली थेरं नव्हती, पाववाला येतो की दारात. आता ओटीजीवर टॉवेल घालून ठेवलाय. झोपेची गोळी सुरू करू का, की सकाळ आवडायला लागते असं काही असतं? – पावणेपाचवाली"

पावणेपाचवाली, तुला अगंतुगं केलं तर चालेल ना, मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे आणि तुझं पत्र मी वाचलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, सकाळचे. तेव्हा आपण एकाच पार्टीच्या.

आधी गोळीचं संपवू. स्वतःहून घेऊ नकोस, शेजारणीच्या स्ट्रिपमधली "अर्धीच घे गं" वाली तर मुळीच नको. तुझं वय ४७, पाळी जायच्या आसपासचं, ह्या दिवसांत रात्री घाम फुटून किंवा उगाचच जाग येते, तसं काही असेल तर गायनॅकला दाखव, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दुसरं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटतंय, जेवण नको, बोलणं नको, कशातच जीव लागत नाही असं होत असेल तर ते पहाटेच्या जागेवर ढकलू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा, कारण भल्या पहाटे जाग येणं हे डिप्रेशनचंही एक लक्षण असतं. मुलं एकदम घराबाहेर गेली की बायकांचं हे होतं आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

हे दोन्ही नसेल तर मग पावणेपाचची जाग हा आजार नाही गं, ती तेवीस वर्षांची सवय आहे. आपल्या आत एक घड्याळ असतं हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरंच असतं, २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग ह्या तिघांना त्याच कामासाठी मिळालं. काम केलं कशावर तर फळमाशीवर, म्हणजे आपल्याकडे केळी जास्त पिकली की टोपलीवर घोंघावतात ना तसल्या चिमुकल्या माश्यांवर. तर हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. सकाळी लवकर उजेड डोळ्यात गेला की जाग लवकर यायला लागते, रात्री उशिरापर्यंत उजेडात राहिलं की उशिरा. तू पावणेपाचला अंथरुणात मोबाईल उघडतेस म्हणजे घड्याळाला रोज सांगतेस की हो, हीच वेळ, उद्या परत हीच. तुला सहापर्यंत झोपायचंच असेल तर पडदे जाड लाव, मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला ठेव, संध्याकाळी उजेडात चालायला जा, काही आठवड्यांत सरकेल थोडं. पण खरं सांगू का, तुझ्या पत्रात मला कुठेही "मला झोपायचंय" असं दिसलं नाही. "सगळे म्हणतात झोप" असं दिसलं.

म्हणून मी तुझी बाजू घेऊन असं म्हणते की उठ. फक्त रात्री दहाच्या आत आडवी हो, कारण मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवीच आणि साडेअकरापर्यंत सिरियल बघून पावणेपाचला उठलीस तर कुठलीच सकाळ कुणाला आवडणार नाही. दुपारचा चहा चारच्या पुढे नको, त्यातलं अर्ध्याच्या आसपास कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. एवढं केलंस की झोपेचा विषय माझ्याकडून संपला.

आता सकाळ. तू म्हणतेस तुला सकाळ आवडत नाही. अगं तेवीस वर्षं तू सकाळ बघितलीस कुठे, तू ७.१२ बघितलीस. माझंही तेच होतं, फक्त माझ्याकडे लोकलच्या जागी पाणी होतं. गोरेगावच्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत साडेचारला पाणी यायचं ते पाऊण तास, तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या, बाथरूममधला तो निळा ड्रम सगळं भरायचं. मग टाकी झाली, चोवीस तास पाणी झालं, तरी मी साडेचारला उठून बाथरूमच्या दारात उभी. काय करायचं तेच कळेना. आणि राग यायचा, म्हणजे कुणाचा ते माहीत नाही पण यायचा. नवरा घोरत असला की त्याचा यायचा, नळाचा यायचा. तो राग तुझ्या पत्रात आहे म्हणून मी एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

पहिले पंधरा दिवस ओटीजीला हात लावू नकोस. टॉवेल राहू दे. उठ, तोंड धू, आणि एक कप चहा ठेव. एक. हे वाटतं तेवढं सोपं नाहीये, तुझ्या हाताला चार कपांची सवय आहे, पहिल्या दिवशी पातेल्यात चार कपांचं आधण टाकशील आणि मग लक्षात आल्यावर तीन कप ओतून देशील, मी सलग तीन दिवस ओतलंय. तर एक कप मोजून, पाहिजे तेवढं आलं घालून, सासूबाईंना बिनसाखरेचा लागतो आणि ह्यांना पातळ लागतो वगैरे काही नाही, तुला कसा लागतो तसा. तुला कसा लागतो हे आठवायलाच दोन दिवस जातील कदाचित. आणि तो घेऊन गॅलरीत बस. तू कांदिवली पूर्वेला म्हणजे नशीबवान आहेस बाई, तुमच्या मागेच नॅशनल पार्कच्या टेकड्या, आणि सूर्य त्याच बाजूने येतो. आमच्याकडे समोरच्या टॉवरच्या एकविसाव्या मजल्यामागून येतो. मे-जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात, म्हणजे तू चहा घेऊन बसशील तेव्हा बाहेर अजून अंधारच असेल, असू दे. ऐकायला भरपूर असतं. दुधाचे क्रेट आपटतात, पेपरवाल्याची सायकल, वरच्या मजल्यावर कुणाची तरी कुकरची शिट्टी (तिचे डबे अजून संपलेले नाहीत, बिचारी), लांबून लोकलचा हॉर्न. आणि उन्हाळ्यात तो कोकिळ, जो इतका आवाज चढवत नेतो की शेवटी आपल्यालाच दम लागतो.

ह्या अर्ध्या तासात दुसऱ्याच्या तोंडी जाणारं काहीही करायचं नाही. कांदा चिरायचा नाही, मटकीला पाणी बदलायचं नाही, उद्याचं भिजत घालायचं नाही. जमलं तर बाकी सगळं पुढे जमेल.

आता ये ओटीजीकडे. माझं स्वतःचं मत आहे की डब्यातून सुटलेल्या बाईला पाव हा प्रकार फार मानवतो, केकपेक्षाही. कारण बघ, पोळी म्हणजे तू तिच्या डोक्यावर उभी. लाट, टाक, उलट, फुगव, काढ, परत लाट, नजर हलली की करपली. पावाचं पीठ तसं नाही. ते तू झोपलेली असताना फ्रीजमध्ये आपापलं काम करत असतं, तुझी गरज मधेमधे पाच-दहा मिनिटं. बाकी वेळ तू मोकळी, आणि मोकळीच राहावं लागतं कारण घाई करून ते फुगत नाही. तेवीस वर्षांत स्वयंपाकघरात तुला कुणी "थांब" म्हटलंय का? हे पीठ म्हणतं.

तर तुझे पाव दगड का झाले. तू लिहिलं नाहीस पण मी सांगू शकते, दोनपैकी एक किंवा दोन्ही. एक, यीस्ट मेलं. रेसिपीत लिहितात कोमट पाणी, आणि आपल्या घरात कोमट म्हणजे गीझरमधून येतं ते वाफाळतं, त्यात यीस्ट मरू शकतं, साधारण ५५-६० डिग्रीला गेलं की संपलं त्याचं. मुलांना बाटलीचं दूध देताना मनगटावर थेंब टाकून बघायचीस ना, जेमतेम कळेल न कळेल असं, तेवढंच. आणि मुंबईत तर नळाचं पाणीही चालतं, आपल्याकडे थंड असतंय कुठे काही. दोन, आणि हे जास्त शक्य आहे, तुझा पोळीचा हात. पीठ हाताला चिकटलं की आपला हात आपोआप पिठीच्या डब्यात जातो. मूठभर टाकली, परत चिकटलं, परत मूठभर. झालं, पोळीची कणीक तयार, आणि त्याचे पाव केले की दगडच होणार. पावाचं पीठ चिकटच असतं. ते चिकट आहे म्हणजे बिघडलं नाही हे स्वतःला मोठ्याने सांगायचं. हाताला तेल लाव, पिठी नाही. आणि अगदीच त्रास झाला तर झाकून वीस मिनिटं निघून जा, परत आलीस की तेच पीठ निम्मं शहाणं झालेलं असतं, न मळता.

माझं प्रमाण देते, नऊ पावांची लादी. मैदा २५० ग्रॅम (पुढे सवय झाली की त्यातला १०० ग्रॅम कणीक घे, मग पाणी चमचा-दोन चमचे जास्त लागेल), सपाट एक छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दूध आणि पाणी निम्मंनिम्मं मिळून १६० मिली, आणि शेवटी २० ग्रॅम लोणी किंवा बटर. अंडं नाही, सासूबाईंचा प्रश्न मिटला. पाकिटावर इन्स्टंट लिहिलंय का ते नीट बघ, ते सरळ पिठात जातं, दुसरं ॲक्टिव्ह ड्राय नावाचं असतं ते आधी दुधात भिजवून फेसाळू द्यावं लागतं. आणि एक डिजिटल वजनकाटा घे बाई. मला माहितीये तू आयुष्यभर अंदाजाने केलंयस आणि उत्तम केलंयस, पण भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, पावात यीस्ट कमी पडलं तर वरून काय घालणार. शिवाय माझी वाटी आणि तुझी वाटी.

रात्री जेवणं झाल्यावर साडेआठ-नऊला मळ, दहा मिनिटं तरी, बटर शेवटी घालून. अर्धा तास ओट्यावर झाकून ठेव, मग तेल लावलेल्या मोठ्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. ओट्यावर रात्रभर विसरू नकोस! मी एकदा मे महिन्यात विसरले होते, म्हटलं युट्यूबवरची ती बाई ठेवते ना रात्रभर बाहेर, पण ती बाई कुठल्या तरी थंड देशात आणि आपण गोरेगावला, ३० डिग्री रात्रीची. सकाळी बघते तर पीठ झाकण ढकलून बाहेर, ओट्यावरून खाली पेपरच्या रद्दीवर, आणि वास असा की सोसायटीत कुणी आलं असतं तर म्हणालं असतं काय ताई, काल रात्री काय कार्यक्रम होता. फ्रीजमध्ये यीस्ट मेलेलं नसतं, फक्त सावकाश चालतं, आणि त्या सावकाशीनेच चव येते.

पाचला डबा काढ. पीठ गार आणि घट्ट असेल, ते बरंच असतं, गोळे छान होतात. नऊ गोळे, प्रत्येकी पन्नास ग्रॅमच्या जरा आत, हाताखाली गोल फिरवून वरचा भाग ताणून घ्यायचा, मोदकाची कळी बंद करतो तसा खाली चिमटायचा. सात इंची चौकोनी टिनला तेल लावून तीन बाय तीन, मधे बोटभर जागा सोडून. ती जागा ते फुगून भरून काढतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून लादी पावाच्या कडा पांढऱ्या आणि मऊ, आणि ब्रून पाव वेगवेगळा भाजतात म्हणून चौफेर कडक. वर ओला फडका. घड्याळात सव्वापाच वाजलेत. आणि आता सव्वा तास, थंडीत थोडा जास्त, तुला काहीही करता येत नाही. म्हणजे करायला गेलीस तर बिघडतं. जा, चहा घेऊन गॅलरीत बस.

साडेसहाला बघ, एका गोळ्याला ओल्या बोटाने हलकं दाब. खड्डा टुणकन भरून आला तर अजून थांब, हळूहळू अर्धा भरला तर झालं, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, लगेच ओव्हनमध्ये घाल आणि कुणाला सांगू नकोस. ओटीजी आधी दहा-पंधरा मिनिटं २०० वर तापवलेला पाहिजे, दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या जाळीवर, वरून दुधाचा हात फिरवून पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर लगेच बटर फिरव आणि कोरडा फडका घालून ठेव, वाफेने वरचा पापुद्रा मऊ पडतो. नाहीतर सासूबाईंच्या दातांचं तुला ऐकावं लागेल.

पहिल्या खेपेला बाजारच्यासारखे होणार नाहीत. दुसऱ्यालाही नाही. पाववाल्याची भट्टी रोज पेटते आणि त्याचा हात वर्षानुवर्षांचा, त्याच्याशी कशाला बरोबरी करायची. त्याच्याकडून घ्यायचे बंदही करू नकोस, घरचा पाव हा आठवड्यातून एकदा-दोनदा करायचा प्रकार आहे. हा, रोजचा झाला की तो परत डबाच झाला.

केकचं पटकन सांगते. वरून काळा आतून कच्चा म्हणजे वरचा रॉड जवळ होता आणि आच जास्त. टिन मधल्या नाहीतर त्याच्या खालच्या जाळीवर ठेव, १७० वर, आधी तापवून, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी वरून रंग चढला की फॉईल सैलसर टाक. टिन दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं म्हणजे आत १८० असतंच असं नाही, माझा चांगला वीस डिग्री जास्त तापतो, आतमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं ते क्रॉफर्ड मार्केटला गेलीस तर आण, तिथे बेकिंगच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत, मात्र यादी करून जा आणि यादीतलंच आण, मी एकदा सहा साईजचे नोझल घेऊन आले ते अजून पुड्यात आहेत. केकात बिनअंड्याचं चालवायचं तर एका वाटी कणकेला अर्धी वाटी दही आणि पाव छोटा चमचा सोडा. चिमूटभर जास्त बरा म्हणून सोडा वाढवायचा नाही, साबण खाल्ल्यासारखं लागतं. दह्याच्या आंबटाशी सोडा लगेच फसफसतो म्हणून मिश्रण झालं की थेट ओव्हनमध्ये, मधे फोन घ्यायचा नाही. बहिणीचा असला तरी.

आता सासूबाई. "आमच्याकडे असली थेरं नव्हती." त्यांना एक विचार, तवसाचं धोंडस कसं करायच्या? पावसाळ्यात मोठी जून काकडी किसून, तांदळाचा रवा तुपावर भाजून, गूळ, खोबरं, वेलची, आणि जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव, वर झाकणावर करवंट्यांचे निखारे. मग ते काय होतं? खालून आच, वरून आच, मधे बंद भांडं. ओटीजीच की तो, दोन्ही रॉड चालू. सीकेपी लोकांचं कोलंबीचं भानोलंही असंच व्हायचं. आपल्या बायकांनी बेकिंग कायम केलंय, फक्त त्याला बेकिंग म्हटलं नाही. पाव मात्र पोर्तुगीजांचा, त्यांच्या भाषेतल्या शब्दावरूनच आलाय, पायाने तुडवतात म्हणून पाव हे आपल्याकडे सांगतात ते खरं नाही, हेही सांग त्यांना, बहुतेक त्यांनीही ते ऐकलेलं असणार. गोव्यात तर पूर्वी यीस्टच्या जागी माडाच्या सुरेवर आंबवायचे, हे सांगायचं की नाही ते तू तुझं ठरव.

माझ्या आईकडे दादरला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला मधोमध काच, आणि आम्ही चौघं भावंडं त्या काचेवर डोकी आपटत केक फुगताना बघायचो. त्याच्याही आधी दिवाळीला नानकटाई बेकरीत भाजून आणायचो. घरून मैदा, रवा, तूप, पिठीसाखर मोजून न्यायची, तिथे ट्रे मिळायचे, बायका तिथेच बसून गोळे वळायच्या, ट्रेवर नावाची चिठ्ठी आणि मग नंबर येईपर्यंत त्या भट्टीच्या धगीत उभं राहायचं. चिठ्ठ्यांची अदलाबदल हमखास. आम्हाला एका वर्षी कुणाची तरी जायफळवाली आली, आईने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या वर्षीपासून स्वतः जायफळ घालायला लागली. (त्या लाकडाच्या भट्ट्याही आता जातायत, २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. हवेचा विचार करता बरोबरच आहे, पण ब्रून मस्काचं काय होणार ह्याची मला आपली काळजी.)

आणि सासूबाईंबद्दल अजून एक. तू म्हणशील त्या सातला उठतात. ७८ वर्षांची बाई, जन्म कोकणातला, पाच वाजता खरंच झोपलेली असते असं वाटतं तुला? मला तरी वाटतं त्या जाग्याच असतात, आत पडून तुझी चाहूल ऐकत. उठलं तर सुनेच्या पायात पायात येऊ म्हणून पडून राहत असतील, तेवीस वर्षं तुझी ती धावपळ बघितलीये त्यांनी. माझी सासू तशीच पडून राहायची, मला ती गेल्यावर नणंदेकडून कळलं. तर पाव ओव्हनमध्ये गेल्यावर, त्याच्या आधी नाही, तो सव्वा तास तुझाच, पण वास सुटायला लागला की दारात जाऊन एकदा हळूच हाक मारून बघ.

शेवटचं, आणि हे मी जरा कडक आवाजात सांगतेय. तुझे पाव बरे व्हायला लागले की तू फोटो टाकशील, टाक, आणि दोन तासांत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी म्हणेल वहिनी ऑर्डर का घेत नाही? ह्यांचेही डोळे चमकतील. मुलगा बंगळुरूहून लोगो बनवून पाठवेल, त्या पोराला काय, दहा मिनिटांचं काम. निदान एक वर्ष नाही म्हण. व्यवसाय करायचाच असला तर जरूर कर, एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन लागतं, घरगुती लहान धंद्याला ते सोपं आहे, पैशांचा हिशोब नीट ठेव, त्यात वाईट काही नाही, माझ्या दोन मैत्रिणी त्यावर घर चालवतात. पण तू मला सकाळ मागितली आहेस, गिऱ्हाईक नाही. मी एका दिवाळीला नानकटाईच्या ऑर्डर घेतल्या, अकरा किलो झाल्या, सहा दिवस पहाटे तीनला उठत होते, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मला तुपात वेलची पडल्याचा वास सहन होईना. एका गिऱ्हाइकीणबाईंनी तर अर्धा किलो परत पाठवली, का तर मागच्या वेळसारखी खुसखुशीत नाही. मागच्या वेळी मी त्यांना ती फुकट दिली होती गं.

हां, एक राहिलं, ओटीजी पंधरा-सोळा अँपिअरच्या मोठ्या पॉइंटवरच लाव, मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर ॲडॉप्टर लावून नको, आणि ह्यांचा गीझर चालू असताना तर नकोच, एमसीबी पडून वीज गेली की पावही बसतील आणि ह्यांचं डोकंही फिरेल. सव्वासहा ते सात गीझर बंद असं आधीच सांगून टाक. डबा नाहीये ना आता, अर्धा तास उशिरा आंघोळ केली म्हणून काही बिघडत नाही, ७.१२ नंतरही गाड्या असतात.

आणि सासूबाईंनी धोंडसाचं प्रमाण सांगितलं तर मला लिहून पाठवशील का? गूळ किती आणि काकडीचं पाणी पिळून टाकायचं की त्यातच रवा भिजवायचा, एवढं तरी नक्की विचार. माझ्या आजीचं कुणी लिहूनच ठेवलं नाही, आणि मी आत्तापर्यंत चार वेळा करून बघितलं, चारही वेळा ते मधोमध बसलं.